सीटखालचं इंजिन आणि चार प्लग

विठ्ठलवाडीच्या बचत गट केंद्रातून आम्ही बोलतोय. आज पापड-मसाल्याचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज गाडीच्या स्पार्क प्लगबद्दल बोलायचं आहे. घरची गाडी, सीटखाली इंजिन, आणि त्या इंजिनात हात पोहोचणार नाही अशा जागी बसलेले प्लग. ते घरच्या घरी बदलता येतात का, कसे बदलायचे, आणि कुठे थांबून मेकॅनिकला बोलवायचं, एवढंच सांगणार आहोत.

हा विषय आम्ही का घेतला? यंदा पावसाळ्याच्या आधी तीन गावांच्या गटांतून एकच तक्रार आली. "ताई, गाडी पेट्रोलवर ठीक चालते, गॅसवर टाकली की मिसिंग करते. चढावर झटके देते." या गाड्या म्हणजे आपल्याकडच्या ओम्नी आणि ईको. सकाळी भाजी कल्याणला, दुपारी शाळेची मुलं, अडीअडचणीला बाळंतिणीला दवाखान्यात. कागदावर गाडी एका घराची असते, पण तिच्यावर चार घरं चालतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली ती याच विचाराने, की गटातल्या बाईने गावच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवावी आणि त्यासाठी तिला साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळावं. गाडी आली, चालवणारी आली. पण गाडी झटके द्यायला लागली की आपण पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर. एका ताईला गॅरेजमध्ये सांगितलं गेलं, चारही कॉइल गेल्यात, नव्या घाला. खर्चाचा आकडा ऐकून ती गाडी तशीच परत घेऊन आली. शेवटी निघालं काय, तर चार झिजलेले प्लग. गाडी घेतल्यापासून ते कुणी बाहेर काढलेच नव्हते.

का काढले नव्हते, तर जागेमुळे. मोटारसायकलचा प्लग समोर दिसतो, म्हणून पोरंही तो काढतात, घासतात, परत लावतात. ओम्नीचं तसं नाही. ही गाडी मारुतीने १९८४ मध्ये आणली, तेव्हा तिला नुसतं मारुती व्हॅन म्हणायचे. पुढे बॉनेट ठेवायला जागाच नाही, म्हणून इंजिन पुढच्या सीटखाली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले आणि ओम्नी बंद झाली. तिच्या जोडीला २०१० मध्ये ईको आली होती, ती अजून चालू आहे. चार सिलिंडर, म्हणजे चार प्लग, आणि इंजिन परत पुढच्या सीटखालीच. सीट उचला, झाकण काढा, मग आत वाकून, हात तिरका करून काम करा. घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये हे काम राहून जातं. तेल बदललेलं दिसतं, हवेचा फिल्टर बदललेला दिसतो, प्लगचं कोण बघतो? बॉनेटवाल्या गाड्यांतही अडचण असतेच. बऱ्याच छोट्या गाड्यांत एअर फिल्टरचा मोठा डबा इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो, तो उतरवल्याशिवाय प्लग कुठे आहेत हेच कळत नाही.

आता प्लग करतो काय? गॅसच्या शेगडीला आपण लायटर मारतो ना, अगदी तेच काम. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा येते, दाबली जाते, आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. टोकात जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. त्या फटीतून वीज उडी मारते. ही उडी मारायला हजारो व्होल्ट लागतात, ते बॅटरीच्या १२ व्होल्टपासून कॉइल तयार करून देते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एकेका प्लगला मिनिटाला १५०० वेळा पेटवावं लागतं, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार वेळा. दर ठिणगीला टोकाचा धातू कणभर उडतो. फट वाढत जाते. फट वाढली की उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, आणि एक दिवस कॉइलला ते झेपत नाही. मग काही वेळा ठिणगी पडते, काही वेळा पडत नाही. त्यालाच मिसिंग म्हणतात.

गॅसची तक्रार आधी का येते, तेही इथेच कळतं. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात बहुतेक ईको गॅसवरच पळतात, म्हणून आपल्याकडे हा आजार जास्त दिसतो. सीएनजीच्या गाडीत प्लग लवकर तपासावे लागतात. साधे निकेलचे प्लग साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटर चालतात. इरिडियमचे महाग असतात, पण ते त्याहून बरेच जास्त टिकतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या खणात, उघडलं न गेलेलं पडलेलं असतं. आज काढा.

मिसिंग म्हणजे प्लगच, असं मात्र नाही. गॅसचा फिल्टर तुंबलेला असू शकतो, गॅसचा रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो, कॉइलही खरोखर गेलेली असू शकते. पण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आधी बघायची वस्तू प्लग आहे. साध्या प्लगला शे-दोनशेच्या आसपास पडतात, कॉइलला त्याच्या कित्येक पट. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, तिथे कॉइलची परीक्षा फुकटात होते. गॅरेजमध्ये मशीन लावून कोड काढतात, त्याचा नंबर लिहून मागा. पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर मिस होतोय, पी०३०२ आला तर दुसरा. आता दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. पुन्हा कोड काढला आणि तो पी०३०३ झाला, तर आजार कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइलच खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. चार कॉइल बदलण्याआधी हे एक विचारायचं. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं, "दादा, कॉइल अदलाबदल करून बघितली का?" चांगला मेकॅनिक हसून हो म्हणतो.

आणि मिसिंग अंगावर काढू नका. न जळलेलं पेट्रोल किंवा गॅस तसाच सायलेन्सरकडे जातो. तिथे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो त्याने तापून खराब होतो. त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतील. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटायची नाही.

आता कामाकडे येऊ. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या. वॉरंटी संपलेली असेल तर पुढे ऐका, आणि हे काम एकटीने करू नका. दोघी हव्यात. एक वाकून काम करेल, दुसरी टॉर्च धरेल आणि काय काय काढलं ते लिहील.

सामान थोडं लागतं. प्लगचा गोटी पाना, म्हणजे आत रबर किंवा चुंबक असलेला, प्लग धरून ठेवणारा. त्याला लावायला एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, वाकणारा एक सांधा, आणि रॅचेट. सीटखालच्या इंजिनात हात सरळ जात नाही, म्हणून हा वाकणारा सांधा नसेल तर काम अडतं. पान्याचा आकार सगळ्या गाड्यांना एक नसतो. दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, जमलं तर आरसी बुक न्या, आणि पाना नव्या प्लगवर तिथेच बसवून बघा. कॉइलचे बोल्ट बहुतेक १० नंबरचे असतात. सायकलचा पंप, स्वच्छ फडकं, चिकटपट्टी आणि फट मोजायची फिलर पट्टी. हे सगळं एका गटात एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. आमच्या मते प्रत्येक घराने वेगळं घेण्यात अर्थ नाही, सतरंज्या-पातेल्यांसारखं गटाच्या कपाटात ठेवावं.

प्लग घेताना पुस्तकात लिहिलेला नंबरच घ्या. "हाही बसतो" म्हणून दिलेला घेऊ नका. आटे जुळतात आणि लांबी वेगळी निघते, मग प्लग आत जास्त शिरतो किंवा कमी पडतो. आपल्या वडिलांच्या पिढीत प्लग म्हणजे मायकोचा. बंगळुरूची ही कंपनी १९५१ मधली, नाशिकला तिच्या नावाचं मायको सर्कल अजून आहे. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं. आज बॉश, एनजीके असे मोजके नावाजलेले प्लग मिळतात. नावाजलेल्या मालाची नक्कलही निघते, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं. कल्याणहून आलात आणि लगेच पाना लावला, असं चालणार नाही. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर त्याचे आटे ओढले जातात. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळची वेळ, हे सगळ्यांत उत्तम. गॅसच्या गाडीत सिलिंडरची चावी बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका, दारं उघडी टाका आणि लांब व्हा. जवळपास बिडी, उदबत्ती, चूल काही नको. गॅसच्या नळ्या, रेग्युलेटर, सिलिंडर यांना आपण कधीच पाना लावायचा नाही, ते अधिकृत माणसाचं काम. विषय निघालाच आहे तर, सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली का, तेही त्याच दिवशी बघून टाका. त्यानंतर बॅटरीची वजा बाजूची वायर काढून बाजूला ठेवा.

सीट कशी उचलायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं. कुठे खटका असतो, कुठे नट. पुस्तकात चित्र असतं. नव्या गाड्यांत सीटखालून वायर जाते, सीट बेल्टची शिट्टी वाजवणारी. सीट झटक्याने उचलली तर ती वायर तुटते, म्हणून आधी थोडी उचलून खाली टॉर्च मारायची. सीटखाली पत्र्याचं झाकण असतं, त्याचे खटके सोडून ते बाजूला ठेवायचं.

आता काही न काढता फोटो घ्या. मोबाइलवर तीन-चार, वेगवेगळ्या बाजूंनी. परत जोडताना हे फोटो मिस्त्रीच्या जागी उपयोगी पडतात.

इथे तीनपैकी एक प्रकार दिसेल. प्रत्येक प्लगवर एक कॉइल असेल. किंवा दोनच कॉइल असतील, आणि प्रत्येकीतून एक जाड वायर शेजारच्या दुसऱ्या प्लगकडे जात असेल. अशा गाडीत कॉइल बिघडली की बहुधा दोन सिलिंडर एकदम मिस होतात. जुन्या ओम्नीत एका डिस्ट्रिब्युटरमधून तीन वायरी तीन प्लगना जातात. वायरी असतील तर एकीला चिकटपट्टीची एक पट्टी, दुसरीला दोन, तिसरीला तीन, अशी खूण करा. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची हे ठरलेलं असतं, वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरू होणार नाही किंवा फटाके वाजवेल. यावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे एका वेळी एकच सिलिंडर. एकाचं सगळं पूर्ण करायचं, मग दुसऱ्याकडे जायचं.

कॉइलच्या सॉकेटला छोटा खटका असतो. तो दाबून सॉकेट ओढायचं, वायर धरून ओढायचं नाही. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, कट्कन तुटतं. बोल्ट काढा आणि तो लगेच वाटीत ठेवा. आमच्या बायका घरातला जुना, मोडका मिसळणाचा डबा घेऊन बसतात. पहिल्या वाटीत पहिल्या सिलिंडरचा बोल्ट आणि प्लग, दुसऱ्या वाटीत दुसऱ्याचा. मिस्त्री लोकांनी हा डबा बघून आधी गंमत केली, नंतर एकाने स्वतःसाठी मागितला! कॉइल किंवा वायरचं रबर प्लगला चिकटून बसलेलं असतं. आधी डावी-उजवीकडे थोडं फिरवायचं, सुटलं की वर ओढायचं.

आता जो खड्डा दिसतो, त्याच्या तळाशी प्लग आहे. इथे घाई करायची नाही. सीटखालचं इंजिन रस्त्याच्या जवळ असतं, मुरबाड रोडची सगळी धूळ, बारीक खडी, वाळलेला चिखल त्या खड्ड्यात साठलेला असतो. प्लग काढला की ते सगळं थेट सिलिंडरमध्ये पडणार, आणि आतली भिंत ओरबाडणार. म्हणून सायकलच्या पंपाने खड्डा फुंकून काढा. डोळ्यावर चष्मा हवा, नाकाला ओढणी. प्लग दोन आटे सैल झाला की परत एकदा पंप मारा. खड्ड्यात पाणी दिसलं तर फडक्याने टिपून घ्या. पावसात वालधुनीचं पाणी चढतं तेव्हा ज्या गाड्या पाण्यातून गेल्या, त्यांची मिसिंग बरेचदा या ओलीमुळेच असते, प्लग चांगले असूनही. खड्ड्यात तेल दिसलं तर वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय, ते गॅरेजला सांगायचं.

गोटी पाना आणि एक्स्टेन्शन यांच्या सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा. नाहीतर पाना वर येतो आणि गोटी प्लगवर बसून खालीच राहते, मग तिला बाहेर काढण्यात दुपार जाते. पाना सरळ बसवा. तिरका जोर दिला तर प्लगची पांढरी चिनी माती तडकते. डावीकडे, हळूहळू. पहिला झटका जोरात लागतो, पुढे हाताने सुटायला हवा. मध्येच घट्ट झाला तर तसाच ओढू नका. थोडा उलट फिरवा, गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडा, अर्धा तास चहा प्या, पुन्हा थोडं पुढे, थोडं मागे. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबायचं आणि आहे तसा घट्ट करून गाडी मेकॅनिककडे न्यायची. इथे ताकद दाखवण्यात शहाणपण नाही. आटे गेले किंवा प्लग आत तुटला, तर इंजिनाचं डोकं उघडायची वेळ येऊ शकते.

प्लग निघाला की खड्ड्यावर स्वच्छ फडकं टाका आणि प्लग उजेडात बघा. त्याचं टोक आतली हकिगत सांगतं. बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग म्हणजे इंजिन ठीक जळतंय. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तो जरा जास्त पांढुरका असतो. पातेल्याच्या बुडाला काजळी बसते तसा कोरडा काळा थर असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी पडतेय, एअर फिल्टर बघा. टोकावर ओलं काळं तेल असेल तर इंजिन ऑइल आत येतंय, नवा प्लगही काही दिवसांत तसाच होईल. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन जास्त तापतंय, कूलंट बघून घ्या. चार प्लग ओळीने ठेवले आणि तीन सारखे, एकच वेगळा दिसला, तर त्या एकाच सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. मिसळणाच्या डब्यातला क्रम इथे कामी येतो.

नव्या प्लगची फट फिलर पट्टीने मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. कमी-जास्त असेल तर साध्या प्लगची बाहेरची पट्टी अलगद वाकवता येते. इरिडियमचं टोक सुईसारखं नाजूक असतं, त्याला काही अडकवून फट वाढवायला जाऊ नका. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. वरून चांगला दिसतो, आत बारीक तडा गेलेला असतो.

बसवणं हे काढण्यापेक्षा नाजूक काम आहे. प्लग वरून टाकायचा नाही, टोकावर आपटला तर फट बिघडते. गोटीत धरून खाली न्या. हात पोहोचत नसेल तर प्लगच्या वरच्या टोकावर बसेल असा रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या आणि त्याने प्लग खाली सोडा. नळीची गंमत अशी, की आटे चुकीचे लागले तर नळी घसरते, जोर लागतच नाही. सुरुवातीला प्लग उलटा, म्हणजे डावीकडे, अर्धा फेरा फिरवा. एक बारीक टक् असं जाणवेल, आटा आट्यावर बसल्याचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण बसेना की आपण ते आधी उलटं फिरवतो, तसंच. मग उजवीकडे. पाच-सहा फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागलेत, बाहेर काढा आणि परत सुरुवात करा. रॅचेट अजून लावायचाच नाही.

बोटांनी पूर्ण बसला, की मग पाना. किती घट्ट करायचा? प्लगच्या खोक्यावर चित्र छापलेलं असतं, टेकल्यानंतर किती फेरा द्यायचा त्याचं. नव्या वॉशरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा लागतो, वॉशर चेपला गेल्याचं हाताला कळतं. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढाच फेरा पुरतो. टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच, पुस्तकातल्या आकड्यावर लावा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो. सैल राहिला तर दाब गळतो आणि प्लग तापतो, जास्त आवळला तर आटे जातात.

मग कॉइल किंवा वायर दाबून बसवा, टक् आवाज आला पाहिजे. रबराला चीर गेली असेल तर तेही बदला, पावसात वीज तिथूनच बाहेर पळते. बोल्ट, सॉकेट, पुढचा सिलिंडर. चारही झाले की डबा रिकामा आहे ना ते बघा. एखादा बोल्ट उरला असेल तर फोटो काढा बाहेर. बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू करा, आधी पेट्रोलवर, मग गॅसवर. गॅसवर टाकण्याआधी सिलिंडरची चावी उघडायला विसरू नका. सीटखालचं झाकण नीट दाबून बसवा आणि सगळे खटके लावा. ते उघडं राहिलं तर इंजिनाची धग आणि वास थेट गाडीत येतो, आणि मागे आपली मुलं बसलेली असतात.

पहिल्यांदा दोघींना दोन-अडीच तास लागतील. दुसऱ्यांदा त्याच्या निम्म्याने होतं. प्लग बदलूनही गॅसवर झटके राहिले, तर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर बघायला गाडी न्या, आणि सांगा की प्लग नवे आहेत. मग तिथे पहिला प्रश्नच वेगळा विचारला जातो.

घरातून विरोध होईल का? होईल. "तुला काय कळतंय गाडीतलं," हे तर ऐकावं लागणारच. एका गटात ताईंनी दिरालाच टॉर्च धरायला बसवलं, तो दोन तास धरून बसला. आम्हाला ही तडजोड आवडली.

गटाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. तारीख, किलोमीटरचा आकडा, प्लगचा नंबर, दुकानाचं बिल तिथेच टाचून. जुने प्लग टाकू नका, कुठल्या सिलिंडरचा कुठला हे चिकटपट्टीवर लिहून डब्यात ठेवा. पुढच्या वेळी नवे काढाल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. येत्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी सकाळी केंद्राच्या अंगणात एका ईकोचे प्लग काढून दाखवणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गाडीचं पुस्तक बरोबर आणा, आणि जुने कपडे घालून या.